दोन दुर्बिणींच्या मधले आतडे

लहान आतडे हा पचनमार्गाचा सर्वांत लांब भाग. प्रौढ माणसात ते सुमारे सहा मीटर भरते, आणि पचनमार्गाच्या आतल्या अस्तराचे जवळजवळ नव्वद टक्के क्षेत्रफळ एकट्या याच भागाचे असते. एवढा पसारा असूनही पचनमार्गाच्या कर्करोगांपैकी जेमतेम तीन टक्के इथे होतात. असे का, हा प्रश्न अल्बर्ट लोवेनफेल्स यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. त्याची उत्तरे आजही तर्काच्याच पातळीवर आहेत. अन्न इथून पातळ स्वरूपात आणि झपाट्याने पुढे सरकते, त्यामुळे घातक द्रव्ये अस्तराला फार वेळ लागून राहत नाहीत. मोठ्या आतड्याच्या मानाने इथे जिवाणू फार कमी असतात. अस्तरातल्या पेशी काही दिवसांतच गळून नव्या येतात, आणि रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठाही इथेच असतो. कारण यांपैकी कोणतेही असो, रुग्णाच्या वाट्याला येणारा परिणाम एकच: ज्या आजाराची शंकाच कोणाला येत नाही, तो उशिरा सापडतो.

गेल्या पंचवीस वर्षांत लहान आतड्याच्या आत डोकावण्याची चांगली साधने आली. ती मुंबई-पुण्यात आहेत, आखाती देशांतही आहेत. तरी निदानाला होणारा उशीर त्या प्रमाणात कमी झालेला नाही. या विषयावरचे संशोधन आणि वाद एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अडचण यंत्रांची कमी आणि शंकेच्या सातत्याची जास्त आहे. एका तक्रारीचा पाठपुरावा शेवटपर्यंत होत नाही. ती दरवेळी नव्याने, पहिल्यापासून तपासली जाते. संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे डॉक्टर दोन देशांत विभागलेले असतात, त्यामुळे तिथे हे सातत्य तुटायला आणखी एक जागा मिळते. त्या दृष्टीने या प्रश्नाचा हा आढावा.

चार आजार, एक जागा

‘लहान आतड्याचा कर्करोग’ असे आपण एकवचनात म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळे आजार येतात. अस्तरातून उगवणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा बहुतेकदा आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये होतो. संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींतून न्यूरोएंडोक्राइन गाठी होतात. त्या मुख्यतः शेवटच्या भागात, इलियममध्ये आढळतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबेर्नडोर्फर यांनी १९०७ साली त्यांना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिले, कारण त्या कर्करोगासारख्या दिसल्या तरी सौम्य वागतात असे तेव्हा वाटले होते. तो समज पुढे चुकीचा ठरला. या गाठी सावकाश वाढतात, पण यकृतापर्यंत पोहोचतात. तिसरा प्रकार लिम्फोमा, आणि चौथा आतड्याच्या भिंतीतल्या पेशींतून होणारा सार्कोमा, ज्यात ‘जिस्ट’ ही गाठ प्रमुख आहे. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत न्यूरोएंडोक्राइन गाठींनी आता अ‍ॅडिनोकार्सिनोमाला मागे टाकले आहे. ही वाढ खरी, की चांगल्या तपासण्यांमुळे पूर्वी न दिसणाऱ्या गाठी आता दिसू लागल्या, यावर एकमत नाही. दोन्ही कारणे असावीत असे मानणाऱ्यांची बाजू मला अधिक पटते.

गाठीचा प्रकार ओळखणे ही केवळ नोंदीपुरती बाब नाही, कारण उपचार पूर्णपणे त्यावर ठरतात. जिस्टमध्ये केआयटी जनुकातला बदल कारणीभूत असतो हे १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवले, आणि चार वर्षांत इमॅटिनिब ही गोळी त्यावर मान्य झाली. ज्या गाठीवर किमोथेरपी जवळजवळ निरुपयोगी होती, तिला एक गोळी वर्षानुवर्षे थोपवू लागली. या औषधाचा भारतातला इतिहास मुंबईशीही जोडलेला आहे. नोव्हार्टिसच्या पेटंटविरुद्ध लढणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीची मागणी फेटाळली. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जात होता. देशी जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळत होते. म्हणजे इथे अचूक ओळख पटली तर परवडणारा उपचार हाताशी आहे. पण गाठीच्या तुकड्यावर सीडी११७ किंवा डॉग१ ही तपासणीच झाली नाही, तर त्या औषधापर्यंत पोहोचण्याचा रस्ता बंद होतो.

लिम्फोमाचा एक प्रकार या भूगोलाशी विशेष निगडित आहे. भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि मध्यपूर्व इथल्या तरुणांमध्ये आढळणारा, दीर्घकाळचे जुलाब आणि वजन घटणे अशी लक्षणे असलेला एक लिम्फोमा १९६०च्या दशकात वेगळा ओळखला गेला. माक्सिम सेलिगमन यांनी १९६८ साली त्यातल्या विकृत प्रथिनाचे वर्णन केले. आज त्याला इप्सिड म्हणतात. २००४ साली त्याचा संबंध कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूशी जोडला गेला. सुरुवातीच्या टप्प्यात हा आजार टेट्रासायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकानेही आटोक्यात येऊ शकतो, उशीर झाला तर तो आक्रमक लिम्फोमात बदलतो. भारतातूनही त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. ज्या आजारात लवकर ओळखण्याचे मोल इतके उघड आहे, तोच आजार जुनाट जुलाब, सिलियाक किंवा क्षय समजून दीर्घकाळ हाताळला जातो.

दुर्बीण कुठवर पोहोचते

तोंडावाटे घातलेली नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागापर्यंत जाते. कोलोनोस्कोपी मोठे आतडे संपल्यावर इलियमच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत डोकावते, आणि तेही तपासणाऱ्याने मुद्दाम प्रयत्न केला तर. मधले पाचेक मीटर आतडे दोन्ही दुर्बिणींच्या टप्प्याबाहेर राहते. पण हाती येणाऱ्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते, आणि रुग्ण, त्याचे घरचे, पुष्कळदा पुढचा डॉक्टरही त्याचा अर्थ ‘पोटात काही नाही’ असा लावतो. निदानाच्या प्रवासातले हे पहिले आणि सर्वांत मोठे वळण.

तक्रारीही दिशाभूल करतात. जेवल्यावर तासाभराने पोटात कळ येते, पोट फुगते, गुडगुडते, कधी उलटी होते. मग एकदम गडगडून मोकळे होते आणि पुढे आठवडाभर काहीच नसते. आतडे अर्धवट अडण्याचे हे नेहमीचे चित्र आहे. पण ते सांगताना रुग्ण ‘गॅस’, ‘पित्त’, ‘अ‍ॅसिडिटी’ हे शब्द वापरतो, आणि गोळीही त्याच नावाची घेतो. अ‍ॅसिडिटीची ही औषधे आणखी एक घोळ करू शकतात. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी पाहिले जाणारे रक्तातले क्रोमोग्रॅनिन-ए या औषधांमुळेही वाढलेले दिसते, म्हणून चाचणीपूर्वी ती थांबवावी लागतात. लघवीतल्या ५-एचआयएए चाचणीआधी केळी, अननस, अक्रोड टाळायला सांगतात, तेही याच कारणाने. चेहरा तापून लाल होणे आणि जुलाब हे पुस्तकातले कार्सिनॉइड लक्षण मात्र आजार बहुधा यकृतात पसरल्यावरच दिसते. त्याची वाट पाहणे म्हणजे उशीर मान्य करणे. मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा शब्द अनेक घरांत पहिल्यांदा पोहोचला. नाव कळले, पण लक्षणे साधी असू शकतात ही माहिती तितकी पसरली नाही.

दुसरी दिशाभूल रक्तक्षयाची. आतड्यातून थेंबाथेंबाने रक्त जाते, डोळ्यांना दिसत नाही, आणि हिमोग्लोबिन उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. इतक्या व्यापक रक्तक्षयात कर्करोगाचा विचार मनात न येणे स्वाभाविक आहे. बाईच्या बाबतीत ‘अंगावरून जास्त जाते’, पुरुषाच्या बाबतीत ‘मूळव्याध असेल’ हे स्पष्टीकरण तयार असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढते आणि गोळ्या बंद झाल्या की पुन्हा उतरते, तिथे मात्र ते स्पष्टीकरण पुन्हा तपासायला हवे. दोन्ही दुर्बिणी स्वच्छ असूनही लोहाची कमतरता परत येत असेल तर लहान आतडे पाहावे, हे आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारणपणे मान्य आहे. वाद आहे तो पाळी चालू असलेल्या स्त्रियांबाबत. त्यांच्यात किती पुढे जायचे, यावर सूचनांमध्ये फरक आहेत.

क्षयाची सावली

भारतीय रुग्णाच्या बाबतीत सर्वांत अवघड वाद क्षयाचा आहे. आतड्याचा क्षय मुख्यतः लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर होतो. त्यातही कळा येतात, वजन घटते, ताप येतो, स्कॅनमध्ये जाड झालेली भिंत आणि सुजलेल्या लसिका ग्रंथी दिसतात. क्रोन्स (आतड्याचा दीर्घकालीन दाह), लिम्फोमा आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे चित्रही असेच असू शकते. आतड्यातल्या क्षयात जंतू विरळ असतात, त्यामुळे जीनएक्स्पर्टसारखी चाचणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी पोटाचा क्षय असू शकतो; शारजात राहणाऱ्याला हे लक्षात ठेवणे भाग आहे, कारण रेसिडेन्सीच्या वैद्यकीय तपासणीत छातीचाच एक्स-रे निघतो आणि त्याच्या निकालावरून ‘क्षय नाही’ असा सरसकट निष्कर्ष काढणे सोपे असते.

या परिस्थितीत भारतात एक पद्धत रूढ झाली: पुरावा अपुरा असेल तर क्षयाची औषधे सुरू करायची आणि प्रतिसाद पाहायचा. तिच्या समर्थकांचा युक्तिवाद दुबळा नाही. आपल्याकडे क्षय कर्करोगापेक्षा कितीतरी अधिक आढळतो, तो पूर्ण बरा होतो, आणि चुकून क्रोन्स समजून स्टिरॉइड दिली तर क्षय भडकू शकतो. विरोधकांचा मुद्दाही तितकाच ठोस आहे. औषधांवर सुरुवातीला बरे वाटणे हा क्षयाचा पुरावा नाही. क्रोन्सच्या कित्येक रुग्णांनाही या औषधांवर काही काळ आराम पडतो. सहा महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत थांबले तर कर्करोगाला ते सहा महिने मिळतात. या दोन टोकांमध्ये आता एक मधला मार्ग बराचसा स्वीकारला गेला आहे. उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करायची आणि व्रण भरताहेत का हे डोळ्यांनी पाहायचे. भरत नसतील तर निदान बदलायचे. एम्समधल्या गोविंद मखारिया यांच्या गटाने या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे.

मधल्या मार्गातही दोन खाचा आहेत. क्षयामुळे आतड्याला आलेला आवळा, म्हणजे अरुंदपणा, क्षय बरा झाल्यावरही बहुधा सुटत नाही. म्हणजे आवळा कायम आहे एवढ्यावरून कर्करोग ठरत नाही, आणि क्षयाचाच आवळा असेल म्हणून निश्चिंतही राहता येत नाही. तिथे तुकडा काढून पाहण्याला, प्रसंगी शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. दुसरी खाच स्टिरॉइडची. लिम्फोमा स्टिरॉइडने तात्पुरता आकसतो, आणि मग घेतलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगे काही सापडत नाही. शंका लिम्फोमाची असेल तर तुकडा आधी, स्टिरॉइड नंतर, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नाही. अडचण शंका वेळेवर येण्याची आहे.

आधी कॅप्सूल की आधी स्कॅन

२००० साली ‘नेचर’मध्ये गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याची पहिली वार्ता आली आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेत मान्य झाला. सव्वीस मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर जाड ही कॅप्सूल आठेक तास चित्रे पाठवत खाली सरकते, आणि कोणा एका डॉक्टरला बसून हजारो चित्रे पाहावी लागतात. २००१ सालीच जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांच्या एंटेरोस्कोपीची पद्धत मांडली. तिने मधल्या आतड्यातून तुकडाही काढता येऊ लागला. याला जोड म्हणून सीटी आणि एमआर एंटेरोग्राफी आल्या. साध्या सीटीत लहान आतडे चिकटून मिटलेले असते आणि छोटी गाठ घड्यांत हरवते. एंटेरोग्राफीत रुग्णाला पाऊण-एक तासात दीड लिटरच्या आसपास मॅनिटॉलचे किंवा तत्सम द्रावण घोटाघोटाने पाजतात, आतडे फुगते, आणि भिंत नीट दिसते. ‘सीटी झाला आहे’ आणि ‘एंटेरोग्राफी झाली आहे’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत, आणि जुने रिपोर्ट वाचताना हा फरक निर्णायक ठरतो.

क्रमाबद्दलचा वाद आता बराच निवळला आहे. रक्तस्राव किंवा न उलगडणारा रक्तक्षय असेल तर आधी कॅप्सूल. कळा आणि फुगी असतील तर आधी स्कॅन, कारण आवळा असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते. पण कॅप्सूल निर्दोष नाही. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून ती वेगाने घसरते आणि अस्तराखालच्या गाठी तिला हुलकावणी देतात. न्यूरोएंडोक्राइन गाठीत रेडिओलॉजिस्टला पुष्कळदा मूळ गाठ दिसतच नाही. दिसतो तो आतड्याच्या पडद्यातला कॅल्शियम साचलेला गोळा आणि त्याच्याकडे ओढल्या गेलेल्या आतड्याच्या वळ्या. मूळ गाठ एक सेंटिमीटरहून लहान असू शकते, आणि अनेक रुग्णांत अशा एकापेक्षा जास्त गाठी असतात. म्हणून शस्त्रक्रियेत सर्जन आतडे इंचाइंचाने बोटांमधून सरकवत चाचपतात, आणि स्कॅनने न सांगितलेला मटारएवढा कठीण दाणा बोटांना लागतो. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत ही चाचपणी कशी टिकवायची, हा सर्जनांमधला चालू वाद आहे. गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनने या गाठींचे चित्र पुष्कळ स्पष्ट झाले आहे, पण शंका निर्माण झाल्यानंतरच त्याचा उपयोग. शंका निर्माण करणे हे त्याचे काम नाही.

शारजा आणि परतीचे तिकीट

शारजात कर्करोगाबद्दल जागृती कमी आहे असे म्हणता येणार नाही. फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स ही संस्था १९९९ साली इथेच सुरू झाली, आणि २०११ पासून तिच्या पिंक कॅरॅव्हॅनने स्तनांच्या कर्करोगाची तपासणी सातही अमिरातींत नेली. पण ही जागृती ज्या कर्करोगांची सामूहिक तपासणी करता येते त्यांच्याभोवती उभी आहे, आणि ते योग्यच आहे. लहान आतड्यासाठी सर्वसामान्य लोकांची अशी तपासणी जगात कुठेच केली जात नाही. इतक्या दुर्मिळ आजारात ती हिताची ठरणार नाही. अपवाद आनुवंशिक जोखमीच्या घराण्यांचा: लिंच सिंड्रोम, कुटुंबात चालणारे शेकडो पॉलिप, किंवा ओठांवर काळे ठिपके असलेला प्यूट्झ-जेघर्स, ज्यात लहान वयापासून कॅप्सूलने लक्ष ठेवतात. बाकी सगळ्यांसाठी ओळख दवाखान्यातच पटायची असते.

तिथे पैशाचा आणि वेळेचा हिशेब आड येतो. १ जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेच्या अमिरातींत खासगी नोकरदार आणि घरकामगारांसाठी आरोग्य विमा बंधनकारक झाला. मूळ पॅकेज वर्षाला ३२० दिरहमपासून सुरू होते आणि बाह्यरुग्ण तपासणीचा चौथा हिस्सा, मर्यादेपर्यंत, रुग्णाने भरायचा असतो. हे मोठे पाऊल आहे. पण शंकेपासून एंटेरोग्राफीपर्यंतचा प्रवास एका भेटीत होत नाही, आणि रोज इत्तिहाद रोडने दुबईला जाऊन परतणाऱ्या माणसाला प्रत्येक भेट रजेच्या हिशेबात बसवावी लागते. मग स्वाभाविक निर्णय होतो: जुलै-ऑगस्टच्या सुटीत गावी जाऊ तेव्हा दाखवू. गावी नवा डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी आणि एंडोस्कोपीपासून सुरुवात करतो, सुटी संपते, आणि परतल्यावर तिसरा डॉक्टर तेच करतो. तीन ठिकाणी तीन ‘नॉर्मल’ रिपोर्ट जमतात. तिन्हींनी दुर्बिणीच्या टप्प्यातल्या त्याच भागाचे परीक्षण केलेले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक पोटदुखीच्या मागे कर्करोग शोधायला निघालो तर हजारो निरोगी माणसांना किरणोत्सर्ग, खर्च आणि भीती सोसावी लागेल, आणि निरुपद्रवी गोष्टी सापडून नवे तपास सुरू होतील. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे. म्हणून वर आलेल्या पुराव्यातून जे निघते ते ‘सगळ्यांना स्कॅन’ असे नाही. पुढची पायरी चढण्याची वेळ तीन प्रसंगी येते: दोन्ही दुर्बिणी स्वच्छ असूनही लोहाची कमतरता परतते तेव्हा, जेवणाशी जोडलेल्या कळा फुगीसह पुन्हा पुन्हा येऊन मोकळ्या होतात तेव्हा, विशेषतः वजनही उतरत असेल तर, आणि क्षयाच्या औषधांवर दोन-तीन महिन्यांत व्रण भरत नाहीत तेव्हा. यांत बसणारी माणसे थोडीच असतात. ‘आपण इथे कर्करोग नव्हे, क्षय किंवा क्रोन्सच अधिक शोधू’ असेही कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि त्यात नुकसान काही नाही. तेही ओळखायचेच आजार आहेत.

दोन देशांत विभागलेल्या रुग्णासाठी मात्र एक जास्तीची गरज उरते. रिपोर्टचा कागद पुरेसा नसतो. सीटीची मूळ चित्रे, बायोप्सीच्या काचा आणि मेणातला मूळ ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घेता येतो, आणि दुसऱ्या ठिकाणी त्यावर नवे डाग लावून पुन्हा वाचता येते. न्यूरोएंडोक्राइन गाठीत केआय-६७चा, म्हणजे पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारा, आकडा तीन टक्क्यांखाली आहे की विसाच्या वर, यावर बराचसा उपचार ठरतो; तो आकडा कागदावर नसेल तर ठोकळ्यावरूनच काढावा लागतो. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधल्या तज्ज्ञांचे मत ‘नव्या’ या सेवेमार्फत कागदपत्रे पाठवून घेता येते, त्यासाठी प्रत्येक वेळी विमानात बसावे लागत नाही.

अजून न सुटलेले

उपचारांकडे पाहिले तर लहान आतड्याच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमासाठी अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०१९ साली. तोवर डॉक्टर मोठ्या आतड्याच्या अनुभवावरच चालत होते. शस्त्रक्रियेनंतर किमोथेरपी द्यावी का, हे ठरवण्यासाठी बॅलाड ही आंतरराष्ट्रीय चाचणी उभारावी लागली, कारण कोणत्याही एका देशात पुरेसे रुग्णच नव्हते. यकृतात पसरलेल्या पण त्रास न देणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन आजारात आतड्यातली मूळ गाठ आधीच काढावी की अडथळा येईपर्यंत थांबावे, यावर जुनी परंपरा काढण्याच्या बाजूची आहे आणि २०१८ साली स्वीडनमधून आलेल्या अभ्यासाला आधीच काढण्याचा फायदा दिसला नाही.

आणि मोजदाद. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. लोकसंख्येवर आधारलेल्या अशा नोंदणीत त्या भागात किमान वर्षभर राहिलेल्या रुग्णालाच मोजतात. लक्षणे शारजात सुरू झाली, निदान सुटीत मुंबईत झाले, आणि रहिवासी दाखला अमिरातीचा, असा रुग्ण मुंबईच्या नोंदीत बसत नाही, आणि निदान तिकडे झाले नसल्याने अमिरातीच्या नोंदीतही त्याचा पत्ता लागेलच असे नाही. दुर्मिळ आजारात असे थोडेसे रुग्ण गळाले तरी चित्र बदलते. आखातातल्या भारतीयांमध्ये लहान आतड्याचे कर्करोग किती, त्यांतले किती आधी क्षय म्हणून हाताळले गेले, आणि पहिल्या कळेपासून निदानापर्यंत किती महिने गेले, हे कळण्यासाठी दोन्हीकडच्या रुग्णालयांना आपल्या कागदांत पहिले लक्षण कुठे आणि केव्हा आले याचा एक रकाना भरावा लागेल.